भट्टीला वाढतो

मगदूम अण्णांनी हातोडा मारला आणि पाचर मधोमध तुटली. पाण्यातून नुकतीच काढलेली, अजून वाफाळणारी. त्यांनी एक तुकडा चिमट्यात धरून दाराच्या उजेडाकडे नेला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “सहा.”

मी दुसरा तुकडा घेतला, व्हर्नियर लावलं. “सहा पॉइंट एक.”

“मग तुझी पट्टी एका रेघंनं चुकीची हाय, पोरी.”

“अण्णा, ही पट्टी पुण्याहून तपासून आलीय.”

“आणि मी?” ते म्हणाले. “मी काय बिनतपासणीचा हाय व्हय?”

क्रेनखाली उभा असलेला इलाही मुल्ला खो खो हसला. “ताई, अण्णांचं सर्टिफिकेट पस्तीस वरसं जुनं हाय. मुदत संपली आसंल त्याची.”

मी वहीत लिहिलं: पाचर क्रमांक ११२. अण्णा ६, मोजमाप ६.१.

आमच्या फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं काम चाले. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे भाग, पंपांची आवरणं. वितळलेलं लोखंड मोठ्या साच्यांत जाण्याआधी त्यातलं थोडंसं पाचरीच्या आकाराच्या लहान साच्यात ओतायचं, गार करायचं आणि मोडायचं. मोडलेल्या पाचरीच्या पातळ टोकाला पांढरी कड दिसते, बाकीचं अंग करडं. कड जितकी रुंद, तितकं लोखंड कडक आणि ठिसूळ निघणार. सात मिलिमीटरच्या वर गेली तर सिलिकॉन वाढवायचं, नाहीतर सगळा माल मशीनशॉपमध्ये जाऊन फुटतो. लॅबमधलं मशीन कार्बन किती, सिलिकॉन किती ते सांगायचं, पण नमुना घासून आकडा हाती यायला सात मिनिटं लागत, आणि कड किती येईल ते मशीनला सांगता येत नसे. अण्णांना हातोड्याच्या एका घावाएवढा वेळ लागे. त्यांनी मान हलवल्याशिवाय भट्टी ओतायला कुणी वाकवत नसे.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, लॅबमध्ये लागून दहा महिने झालेले. सुरुवातीला मला वाटलं होतं हा नुसता अंदाजपंचे कारभार आहे. म्हणून मी वही सुरू केली. आधी अण्णांनी आकडा बोलायचा, मग मी मोजायचं. एकशे बारा पाचरींत त्यांची सरासरी चूक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी निघाली.

त्या दिवशी मी सहज विचारलं, “अण्णा, कड अशी हवी तेवढीच येईल असं लोखंड तुम्ही करता कसं?”

भट्टीवरची सहाही माणसं हातातलं काम टाकून माझ्याकडे पाहू लागली. इलाहीने कानाची पाळी पकडली.

“करता म्हणायचं न्हाई,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “लोखंड ती करती.” त्यांनी हनुवटीनं भट्टीकडे दाखवलं. “आपण नुसतं वाढायचं.”

“एकदा एकजण म्हणला हुता,” इलाही म्हणाला. “‘आज म्या एक नंबर माल केला.’ त्याच पाळीत भट्टीचं अस्तर फुटलं. तीन टन लोखंड खड्ड्यात.”

“अस्तर जुनं झालं असेल.”

“जुनं हुतंच,” अण्णा म्हणाले. “पण त्यानं म्हणायचं काय अडलं हुतं?”

हे मी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं. गंमत म्हणून.

*

त्याच आठवड्यात हुपरीकर सर कारखान्यात आले.

सर मला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवायचे. मी आयुष्यात कुणामुळे वही ठेवायला शिकले असेन तर त्यांच्यामुळे. ते म्हणायचे, ऐकलं ते ऐकलं तसं लिहा, मोजलं ते मोजलं तसं लिहा, मध्ये आपलं नाक खुपसू नका. एकदा त्यांनी फळ्यावर तीन रेघा काढल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा किती, कारखान्यांचा किती आणि सेवांचा किती. शेतीची रेघ जिन्यावरून उतरावी तशी खाली येत होती. सेवांची वर चढत होती. कारखान्यांची मधली रेघ थोडी उचलून मग आडवीच चाललेली.

“देश असाच मोठा होतो,” सर म्हणाले होते. “माणूस रानातून कारखान्यात जातो, कारखान्यातून ऑफिसात.”

मी हात वर केला होता. “सर, मग मधली रेघ फुगायला हवी ना? आपली का नाही फुगली?”

वर्ग हसला होता. सर हसले नाहीत. “याचं उत्तर तू शोध,” ते म्हणाले. हे वाक्य मी कितीतरी दिवस मिरवलं होतं.

आता ते कॉलेज सोडून कंपन्यांना सल्ला द्यायचं काम करत. मॅनेजर निंबाळकर साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी मला बोलावलं. मी पाया पडायला वाकले, त्यांनी अर्ध्यावरच थांबवलं.

“नीलांबरी खोत! मला वाटलंच होतं तू कुठेतरी मोजत बसलेली असशील.”

काम असं होतं: भट्टी, साचे आणि ओतलेला माल घासून साफ करणारं फेटलिंग मिळून सेहेचाळीस माणसं. प्रत्येकाला भेटून, तो काय काम करतो ते त्याच्याच शब्दांत इंग्रजी फॉर्मवर लिहायचं आणि सही घ्यायची.

“कशासाठी, सर?”

“श्रेण्या नव्याने ठरवायच्या आहेत. वीस वर्षांत कुणी पाहिलेलंच नाही कोण काय करतो.”

“ग्रेड वाढतील?”

“ज्यांचं काम मोठं त्यांच्या वाढणारच.” मग निंबाळकरांकडे वळून म्हणाले, “साहेब, हिनेच करावं. लोकांचा हिच्यावर विश्वास आहे, आणि ही एक शब्द पदरचा घालणार नाही.”

मी त्या वाक्यावर दोन दिवस हवेत होते.

*

अण्णांचा फॉर्म मी सगळ्यांत शेवटी भरला. जेवणाच्या सुट्टीत ते भट्टीमागच्या बाकावर बसले होते. भाकरी, झुणका, कांदा. मला चतकोर भाकरी दिल्याशिवाय त्यांनी फॉर्मकडे पाहिलं नाही.

“ह्यानं परमनंटला काय धक्का न्हाई न्हवं?”

“नाही अण्णा. उलट ग्रेड वाढेल.”

“ग्रेड न्हाई वाढली तरी चालंल.” त्यांनी खिशातून पितळी बिल्ला काढला. आमच्याकडे प्रत्येक कायम कामगाराचा नंबर कोरलेला बिल्ला असे. आत येताना गेटवरच्या डाव्या फळीवरून उजव्या फळीवर टांगायचा, जाताना उलट. अण्णांचा तेवीस नंबर. जेवायच्या सुट्टीत मात्र ते तो फळीवरून काढून खिशात ठेवत. का, ते मला त्या दिवशी कळलं.

“ही भट्टी हाय न्हवं, हितं आमची मिरचीची पट्टी हुती,” ते म्हणाले. “विहीर तिकडं, ट्रान्सफार्मरपाशी. कारखान्याला रान गेलं तवा आबांनी, माझ्या वडलांनी, एकच कबूल करून घेतलं. घरटी एक माणूस परमनंट. रान गेलं, त्याच्या बदली हे आलं.” त्यांनी बिल्ला अंगठ्यानं पुसला. “ह्योच माझा सातबारा. जेवताना रानमालक आपल्याच रानात बसल्यागत वाटतं.”

“म्हणजे तुम्ही शेतकऱ्याचे कारखानदार झालात.”

“कारखान्यातला झालो. कारखानदार येगळा.” ते हसले. “लिव.”

मी पेन काढलं. “अण्णा, तुम्ही काय काम करता?”

“भट्टीला वाढतो.”

“म्हणजे भंगार, बीड, सिलिकॉन टाकता.”

“व्हय.”

“आणि?”

“लोखंडावरची मळी काढतो. भोवतालची जागा झाडतो. लोखंड न्यायला लॅडल येती तवा बाजूला हुतो.”

“आणि पाचर?”

ते थांबले. इलाही पलीकडे पाणी पीत होता, तोही थांबला. भट्टी दहा पावलांवर गुणगुणत होती.

“पाचर बघतो,” अण्णा म्हणाले.

“नुसती बघता?”

“बघतो, लिव. बघतो म्हंजे बघतो.”

माझं पेन क्षणभर कागदावर टेकून राहिलं. मला ठाऊक होतं की ते नुसतं बघत नाहीत. पण प्रश्न होता ‘कामगाराच्या शब्दांत’. मी लिहिलं: भट्टीत माल टाकतो, मळी काढतो, जागा साफ करतो, नमुना पाहतो. सगळं इंग्रजीत, नेटक्या अक्षरात. मग त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

“बरोब्बर,” अण्णा खूश होऊन म्हणाले. “एक अक्षर जास्ती न्हाई.” आणि त्यांनी सही केली, बा. ल. मगदूम, शेवटच्या म-ला लांब शेपूट काढून.

भट्टीवरच्या बाकीच्या पाचांनीही असंच सांगितलं होतं. वाढतो, झाडतो, उचलतो, बघतो. एकानेही ‘करतो’ म्हटलं नव्हतं.

*

खंडेनवमीला भट्टी बंद असते. सकाळी सगळ्यांनी आपापली हत्यारं धुऊन आणली. भट्टीच्या कडेला झेंडूची माळ, समोर पाटावर हातोडे, चिमटे, मळी काढायचा लांब झारा. मी माझं व्हर्नियर ठेवलं. अण्णांनी त्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं.

“आता एक रेघ बरोबर यील,” ते म्हणाले.

हुपरीकर सरही पूजेला आले होते. पेढा घेऊन ते माझ्याकडे आले. “तुझे फॉर्म मी वाचले. इतकं स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही.”

मला राहवलं नाही. मी पिशवीतून वही काढली. करड्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. “सर, फॉर्ममध्ये हे येत नाही. पण हे पाहा ना.”

त्यांनी उभ्याउभ्या पाच-सहा पानं चाळली. त्यांचा चेहरा वर्गात व्हायचा तसा झाला. “हे तर छापण्यासारखं आहे, नीलांबरी. माणसाची नजर आणि मशीन. आपण दोघांनी लेख लिहू. तुझं नाव आधी.”

“खरंच, सर?”

“चार दिवस वही माझ्याकडे राहू दे.”

मी प्रत्येक गोष्टीची प्रत ठेवणारी मुलगी. बसच्या तिकिटांचीसुद्धा नोंद ठेवायचे. ती वही मी तशीच त्यांच्या हातात दिली.

*

दसऱ्याची सुट्टी संपली. सोमवारी सकाळी गेटवर गर्दी दिसली. डाव्या फळीवर बिल्ले लटकत होते आणि मध्येच सहा खिळे रिकामे होते. तेवीस नंबरचा खिळाही.

वॉचमनच्या खिडकीला नोटीस डकवलेली. भट्टीवरची कामं ही उत्पादनाची नसून पूरक स्वरूपाची आहेत, सबब ती ‘समर्थ इंडस्ट्रियल सर्व्हिसेस’ या संस्थेकडे सोपवण्यात येत आहेत. संबंधित सहा कामगारांचा हिशोब पूर्ण करण्यात येईल. इच्छुकांना सदर संस्थेमार्फत त्याच जागी काम मिळेल. सोबत पुरावा म्हणून सहा फॉर्मच्या झेरॉक्स. माझं अक्षर दहा फुटांवरून ओळखू येत होतं.

“ताई,” इलाही म्हणाला. तो हसत नव्हता. त्याचाही खिळा रिकामा होता. “तुम्ही काय लिवलंसा आमच्यावर?”

“तुम्ही सांगितलं तेच.”

“आम्ही सांगितलं?” त्याने नोटीशीवर बोट आपटलं. “आम्ही सांगितलं आम्ही झाडूवाले हाय? दोनशे अंश हिकडं-तिकडं झालं तर कोण बघतं? तुमचं मशीन?”

“इलाही,” अण्णा म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते. “तिनं मी बोललो त्येच लिवलंय. मला वाचूनबी दाखवलं तिनं.”

“मग आता?”

अण्णांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. “मी वाढतो म्हणालो,” ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. “त्येनी त्येचं हे केलं.”

मी तिथूनच सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“मलाही हे आत्ताच कळतंय,” ते म्हणाले. “फॉर्मचा असा वापर होईल असं मला वाटलं नव्हतं. तू शांत हो. त्यांनी लेबर ऑफिसात तक्रार करावी. तुझी वही आहे ना? त्यात स्पष्ट दिसतं की लोखंड त्या माणसाच्या निर्णयावर ओतलं जातं. ते उत्पादन नाही तर काय?”

“सर, वही तुमच्याकडे आहे.”

“मी स्वतः घेऊन येतो.”

फोन ठेवला तेव्हा मला रडू आलं, पण ते सुटकेचं होतं.

*

सुनावणी दहा दिवसांनी लागली. त्या दहा दिवसांत माझं एकच काम होतं: अण्णांना एक वाक्य म्हणायला तयार करणं.

“अण्णा, वही आकडे दाखवेल. पण अधिकारी तुम्हाला विचारतील, तुम्ही काय करता. तेव्हा म्हणायचं, मी लोखंड करतो.”

“तसलं बोलत न्हाईत.”

“एकदाच. भट्टीपुढे नाही, ऑफिसात.”

“भट्टीला ऐकू येत न्हाई व्हय?”

“अण्णा, कोल्हापूर पंधरा किलोमीटर हाय,” इलाही म्हणाला. “न्हाई यायचं ऐकू. वाऱ्याची दिशाबी उलटी हाय आजकाल.”

अण्णा हसले नाहीत. “आबा वारले तवा मी पाळी करून गेलो हुतो. त्या दिवशीबी म्हणलं न्हाई. पस्तीस वरसांत न्हाई म्हणलं.” मग त्यांनी विचारलं, “तुझी वही येणार न्हवं?”

“येणार. सर स्वतः आणणार आहेत.”

“तुझे सर.”

“हो. माझे सर.”

“मग म्हणतो,” अण्णा म्हणाले.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. टेबलाच्या टोकाला अधिकारी बाई, समोर फायलींचा ढीग. आम्ही तिघे एका बाजूला बसलो. अण्णांनी धुतलेली टोपी घातली होती. दुसऱ्या बाजूला निंबाळकर साहेब आले. त्यांच्यामागून हुपरीकर सर आले, आणि साहेबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

मला वाटलं, जागा नाही म्हणून बसले असतील. आमच्या बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

बाईंनी नोटीस वाचली, फॉर्म वाचले. मग चष्म्यावरून अण्णांकडे पाहिलं. “मगदूम, तुम्ही भट्टीवर नेमकं काय करता?”

अण्णा उभे राहिले. खरं तर उभं राहायची गरज नव्हती. त्यांचे हात टेबलाच्या कडेवर होते आणि मला त्यांच्या बोटांवरचे जुने भाजल्याचे पांढरे ठिपके दिसत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

“मी लोखंड करतो,” ते म्हणाले.

आवाज लहान होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. इलाहीने खाली मान घालून कानाची पाळी पकडली.

“फॉर्मवर तर तसं नाही,” बाई म्हणाल्या.

मी म्हणाले, “मॅडम, त्याला पुरावा आहे. शंभराहून जास्त नोंदींची वही आहे. त्यात दिसतं की ओतायचं की नाही हे मगदूम ठरवतात. ती वही सरांकडे आहे.”

सगळे सरांकडे वळले. सरांनी कपाळाला आठी घातली, अगदी थोडी, कुणी वर्गात अवघड शंका विचारल्यावर घालायचे तेवढीच.

“कुठली वही?” ते म्हणाले.

“सर, करड्या पुठ्ठ्याची. खंडेनवमीला मी तुमच्या हातात दिली. आपण लेख लिहिणार होतो.”

“मॅडम,” सर बाईंना म्हणाले, “ही माझी विद्यार्थिनी. अतिशय हुशार, मनाने हळवी. या लोकांशी तिचा जिव्हाळा आहे, ते मी समजू शकतो. पण अशी कुठलीही वही माझ्याकडे नाही.”

ते माझ्याकडे पाहत बोलत होते. नजर चोरत नव्हते.

“प्रत आहे का तुमच्याकडे?” बाईंनी मला विचारलं.

“नाही.”

“कुणी पाहिलीय ती?”

“मी,” अण्णा म्हणाले. “म्या पण,” इलाही म्हणाला. बाईंनी दोघांकडे पाहून सुस्कारा सोडला. तक्रारदार तेच होते.

त्यांनी अण्णांचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“यांनी सांगितलं तेच लिहिलंय? की काही गाळलंय? नीट विचार करून सांगा. गाळलं असेल तर तसं सांगा, मी नोंदवून घेते.”

बाईंचा आवाज दयाळू होता. त्यांनी दार उघडून धरलं होतं. माझ्या उत्तराची वाट पाहत त्यांनी पेनसुद्धा कागदावर टेकवलं. शेजारी अण्णा अजून उभेच होते. समोर सर बसले होते, बोटं एकमेकांत गुंफून, तोंडी परीक्षा घ्यायला बसायचे तसे.

मी फॉर्म वाचला. ऐकलं ते ऐकलं तसंच होतं, त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

“काही गाळलं नाही,” मी म्हणाले. “त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. एक अक्षर जास्ती नाही.”

सरांनी हलकेच मान हलवली. बरोबर उत्तराला हलवायचे तशी.

*

बाहेर आल्यावर इलाही चालू लागला आणि स्टँडच्या गर्दीत दिसेनासा झाला. अण्णा टोपी काढून घडी घालत उभे राहिले.

“अण्णा, मी...”

“एस्टी चुकंल,” ते म्हणाले.

गाडीत ते माझ्या शेजारी बसले, कारण दुसरी जागा नव्हती. पंधरा किलोमीटर आम्ही दोघंही खिडकीबाहेर पाहत होतो.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी आता पुण्यात एका संशोधन संस्थेत आकडेवारीचं काम करते. जिल्ह्याजिल्ह्यांचे तक्ते येतात: शेतीत किती, कारखान्यांत किती, सेवांत किती. मागच्या वर्षी आमच्या जिल्ह्याचा जुना तक्ता समोर आला, त्याच वर्षाचा. कारखान्यांतली माणसं थोडी घटलेली, सेवांमधली थोडी वाढलेली. माझ्या सहकाऱ्याने टिपण लिहिलं, ‘जिल्हा आधुनिक होतोय.’ मधली रेघ का फुगली नाही, याचं पूर्ण उत्तर मला अजून सापडलेलं नाही. एक लहानसा तुकडा ठाऊक आहे. त्या वाढलेल्यांतली सहा माणसं माझ्या अक्षरातली आहेत. ‘समर्थ’ म्हणजे सेवा, म्हणून ती तिकडे मोजली गेली; जागची हललीसुद्धा नव्हती.

अण्णा बाकीच्या पाचांबरोबर, तक्रार फेटाळली जाण्याआधीच ‘समर्थ’च्या कागदावर सही करून पुन्हा भट्टीवर आले होते. घरी बसून काय करणार होते? तीच भट्टी, तोच झारा, तोच चिमटा. पितळी बिल्ल्याऐवजी गळ्यात निळ्या फितीचं प्लॅस्टिकचं कार्ड. जेवताना ते कार्ड पाठीवर टाकत, भाकरीत लोंबू नये म्हणून.

पहिल्या दिवशी मी व्हर्नियर घेऊन खाली गेले. नव्या वहीचं पहिलं पान कोरं होतं. इलाहीने पाचर ओतली, गार केली, आणि हातोडा अण्णांपुढे धरला. अण्णांनी तो घेतला नाही. मग इलाहीनेच घाव घातला. तुकडे पडले. भट्टी वाकवायला थांबलेली माणसं नेहमीसारखी अण्णांकडे बघू लागली.

अण्णांनी पाचरीकडे पाहिलंच नाही. ते भट्टीकडे बघत होते, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर चूक झाल्यावर बघतो तसे.

“अण्णा,” मी म्हणाले. “किती?”

“आता माझ्याकडं न्हाई ते,” ते म्हणाले. “एकदा बोलून बसलोय.”

“अण्णा, लोखंड गार होतंय.”

त्यांनी खाली वाकून एक तुकडा उचलला आणि माझ्या हातात दिला. अजून कोमट होता.

“तुमीच मोजा, बाई,” ते म्हणाले. एवढ्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच बाई म्हटलं होतं.

मी मोजलं. आठ पॉइंट चार. सिलिकॉन वाढवायला हवं होतं. किती वाढवायचं, ते मला ठाऊक नव्हतं.